मयेकरकाकांसाठी बुधवारची प्रार्थना

शेजारचे मयेकरकाका आज पहाटे गेले, आणि माझ्या मनात पहिलं आलं ते 'सुटले एकदाची'.

हो, मीच ती. दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारी.

भांडण आंब्याचं. रत्नागिरीत दुसरं कशाचं असणार?

आमच्या कलमाची एक फांदी मधल्या दगडी गडग्यावरून त्यांच्या अंगणात गेली होती. ऐन मोहोरात त्यांनी ती तोडली. त्या दिवसापासून बोलणं बंद.

आमचे पास्टर म्हणाले, "वैऱ्यावर प्रेम करा. जमत नसेल तर निदान त्याच्यासाठी प्रार्थना तरी करा."

केली की! बुधवारी संध्याकाळी आमच्या घरी प्रार्थनासभा असते. मी मुद्दाम काकांच्या बाजूची खिडकी उघडायची आणि आवाज चढवून म्हणायची,

"प्रभू, मयेकरकाकांनी आमचं कितीही वाईट केलं, तरी तू त्यांना आशीर्वाद दे!"

सगळे आमेन म्हणायचे. मी मनात म्हणायची, ऐका आता.

त्यांना कॅन्सर झाला तेव्हा तर मला चेवच आला. तोंडाने 'त्यांना बरं कर', आणि मनात 'बरी जिरली'.

हे वाक्य दोनदा खोडलं. पण होतं ते हे असं होतं.

आज सकाळी त्यांच्याकडे गेले, तीही लोक काय म्हणतील म्हणून. काकूंनी माझा हात धरला तो सोडेचनात.

"बुधवारी तुझा आवाज आला की टीव्ही बंद करायला लावायचे गो. खाटेवर उठून बसायचे. मी म्हणायची, अवो, टोमणे मारतेय ती. तर मलाच ओरडायचे. 'खोटं काय बोलतेय? फांदी मी तोडलीच ना? तरी माझ्यासाठी देवाकडं मागतेय. आपली माणसं तरी मागतात काय?'"

मला तिथे उभं राहवेना. देवाचं नाव घेऊन मी दगड मारत होते, आणि काका ते हात जोडून झेलत होते.

निघताना काकू म्हणाल्या, "आज बुधवार ना? खिडकी उघडी ठेव हां बाय. ते नसले तरी मी ऐकीन."

खिडकी उघडली आहे. मंडळी येऊन बसलीत. मी आत फोनवर हे टाइप करतेय, कारण बाहेर जाऊन त्यांचं नाव घ्यायची हिंमत होत नाहीये.

काका, आज आवाज चढणार नाही.

आज पहिल्यांदाच तुमच्यासाठी मागणार आहे.

माफ करा मला. शांत झोपा.