अण्णांचा डेक भंगारात जातो

आमचे वडील, अण्णा, वारल्यानंतर बऱ्याच वर्षांनी, एका रविवारी भर दुपारी, मला दरडावून गेले.

अण्णा बोटीवर होते. परदेशातून त्यांनी कॅसेट डेक आणला होता, दोन लाकडी स्पीकरसकट. तो आला तेव्हा अख्खी आळी ओट्यावर जमली आणि शेजारच्या काकूंनी त्याला हळदकुंकू वाहिलं! पुढे सीडी आल्या, मोबाइल आले आणि डेकचा हुद्दा उतरत गेला. शेवटी त्याच्यावर आईच्या औषधांचा डबा आणि आत पालींचं बिऱ्हाड. त्यात माझ्या धाकट्या भावाने, अविनाशने, डोंबिवलीहून येताना नारळाएवढा स्पीकर आणला आणि स्वतःच्या फोनवरून नेटला जोडूनही दिला. आता डेक म्हणजे नुसती अडगळ! आई देवळात गेलेली बघून मी तो भंगारवाल्याच्या टेम्पोत चढवला.

आई परत आली. रिकामी जागा बघितली. तडक स्वयंपाकघरात गेली. (आमच्या आईचा राग ताटात कसा उतरतो, हे भोगल्याशिवाय कळायचं नाही.) तिने माझ्या ताटात बांगड्याचं शेपूट वाढलं. मी घास उचलला, आणि खोलीत अण्णांचा आवाज घुमला.

"हे देवा महाराजा!"

माझा घास हातातच राहिला. दर गणपतीत अण्णा देवाला असंच गाऱ्हाणं घालत, आणि प्रत्येक वाक्याला घरातल्या सगळ्यांनी साथ द्यायची ही आमची रीत. आईने ती जागच्या जागी पाळली. हात जोडून म्हणाली, "होय महाराजा!"

"ह्या घरात कोणी वाकडं पाऊल टाकलं असेल..."

"होय महाराजा!" आता बायकोही सामील! आणि दोघी बघत होत्या माझ्याकडे.

"...तर त्याला ताळ्यावर आण!"

"होय महाराजा!!" ह्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता. (स्वतःच्याच विरोधात! पण रीत ती रीत.)

"मेल्या, ह्यांचा डेक कुठे घातलास?" आई कडाडली.

"भ... भंगारात."

"अगो बाय माझे! ऊठ, घेऊन ये आधी!"

उष्ट्या हातानेच स्कूटर काढली. मागच्या सीटवर अण्णा बसलेत याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. एका गतिरोधकावर तर मी "सांभाळा, अण्णा" असं म्हणालोसुद्धा! हातखंब्याच्या फाट्यावर भंगारवाला सापडला.

"साहेब, सकाळी तुम्हीच म्हणालात, फुकट न्या पण न्या!"

"आता म्हणतो, काय हवं ते घ्या पण द्या!"

डेक पायांशी ठेवला. स्पीकर मागच्या सीटवर बांधताना मात्र प्रश्न पडला. आता अण्णा बसणार कुठे?

घरी येऊन डेक जागेवर ठेवला, साष्टांग नमस्कार घातला. मी अजून फरशीवरच होतो तेवढ्यात फोन वाजला. अविनाश!

"दादा, अण्णांच्या गाऱ्हाण्याची कॅसेट मी नेली होती ना, ती फोनवर उतरवून घेतली. दुपारी लावली, पण इथे काहीच ऐकू येईना म्हणून मध्येच बंद केली. तुमच्याकडच्या स्पीकरवर तर वाजली नाही ना?"

मला हसू की रडू कळेना. भीती गेली तशी अक्कल परत आली, आणि अकलेबरोबर तोरा! "लाव परत!" मी फर्मावलं. नारळाएवढा तो स्पीकर दोन्ही हातांत उचलून आईपुढे धरला. "बघ! नुसतं रेकॉर्डिंग! आपण शिकलेली माणसं, आणि घाबरतो कशाला?"

गाऱ्हाणं संपलं. जराशी खरखर झाली. मग अण्णा म्हणाले, "झालं. कर बंद आता. आणि हात काढ त्याच्यावरचा, गाढवा!"

ते रेकॉर्डिंग झालं तेव्हा मी शाळकरी पोर होतो, आणि डेकवरचा तो हात माझाच होता. आता निवृत्तीला टेकलोय. तरी दोन्ही हात असे झटक्यात मागे घेतले की स्पीकर फरशीवर आपटून त्याच्या ठिकऱ्या उडाल्या. आता आमच्या घरात गाणी ऐकायला अण्णांचा डेक तेवढा उरलाय, आणि त्याला हात लावायची माझी छाती नाही!