वासापुरते सोडे

पनीरचा शोध ज्या कुणी लावला, त्याला चारुलताबाईंनी आजवर इतके शिव्याशाप दिलेत की तो बापडा मेला असेल तर अजून लटकतच असेल. मुंबईत शाकाहारी माणूस दिसला की त्याच्यापुढे पनीर आपटायचं, असा कायदाच आहे जणू. आणि माशांच्या हॉटेलात गेलात तर पनीरही नाही. तिथे वेटर आधी तुमच्याकडे बघतो, मग तुमच्या नवऱ्याकडे बघतो आणि म्हणतो, "दही-भात चालेल?"

आता तुम्ही म्हणाल, बाई जन्माच्या शाकाहारी असतील. छे हो! कर्जतच्या जुन्या सीकेपी घरातली सून, माहेरही तसंच. पापलेट ताजं की शिळं, हे कोळणीच्या टोपलीत न डोकावता सांगायच्या. पण यजमान शरच्चंद्र छातीत कळ येऊन मुंबईच्या इस्पितळात पडले, तेव्हा काचेच्या दाराबाहेर उभं राहून बाईंनी एकवीरेला सांगितलं, "आई, यांना घरी पाठव. मी मटण-मासळीला शिवणार नाही." आता एकवीरेला स्वतःला बोकड लागतो, तिला हा नवस कितपत रुचला कोण जाणे. पण शरच्चंद्र घरी आले. तेव्हापासून बाईंच्या मनाने घेतलं, की या माणसाचा श्वास आपल्या ताटाला बांधलेला आहे. आपल्या पोटात एक तुकडा गेला, की यांचं काही खरं नाही.

नवस बोलून दाखवला की त्यातलं सत्त्व जातं, असं त्यांच्या आईने सांगितलेलं. म्हणून नवऱ्यालाही कळू दिलं नाही. पित्ताचं निमित्त सांगून मोकळ्या झाल्या.

पण नवस घरात पाळणं सोपं, बाहेर पाळणं महाकर्मकठीण. शरच्चंद्रांना तपासणीला मुंबईला न्यावं लागे. चौक गावचा जगदीश गाडी घेऊन यायचा. डॉक्टरांनी 'ठीक आहे' म्हटलं, की शरच्चंद्रांना मासे हवेत. आजारातून उठलेला माणूस, त्याला नाही कसं म्हणायचं? मग माशांचं हॉटेल, आणि बाईंची तीच उलटतपासणी. "तेल वेगळं आहे ना? याच कढईत मासे तळता का? डाव तोच वापरता का?" एका वेटरने तर तोंडावर विचारलं होतं, "मावशी, मग इथे आलातच कशाला?" खरंच होतं त्याचं. बाई दही-भात चिवडायच्या आणि कर्जत येईपर्यंत पोटात कावळे कोकलायचे. भुकेचं एवढं नाही हो. विचारून विचारून जीव विटला होता त्यांचा.

या खेपेला तपासणी झाल्यावर शरच्चंद्र खुशीत म्हणाले, "आज तुझी सोय बघितलीय, चारू. दादरला आपल्यातल्याच एका नम्रताबाईंनी घरगुती हॉटेल काढलंय. वालाचं बिरडं मिळतं."

"पण त्यांच्याकडे..."

"फोन करून विचारलंय. म्हटलं, बायको शाकाहारी आहे. त्या म्हणाल्या, बिरड्यात मासे कुठले, निव्वळ वाल! आज तू कुणाला काही विचारायचं नाहीस."

बाई खुर्चीला टेकून बसल्या. बाहेर जेवताना आपण कधी टेकून बसतो, हेच त्या विसरल्या होत्या. बिरडं आलं. नखाने सोललेले गोल वाल, नारळाचा दाट रस, वर कोथिंबीर. पहिल्या घासाला डोळेच मिटले. समोर शरच्चंद्र सुरमईचा काटा चोखत त्यांच्याकडे बघत होते. बाईंनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

आणि दाताखाली काहीतरी चिवट आलं.

त्यांनी ते बोटावर काढलं. लालसर, आकसलेलं, वाकडं. ओळखायला वेळ लागतोय होय! सुकवलेली कोलंबी. सोडा.

"अहो, हे काय?" त्यांनी बोट नवऱ्यापुढे धरलं.

नम्रताबाई लगबगीने आल्या. "अगं बाई, आला का तुमच्या वाटणीला? वासापुरते दोन-चार टाकलेत फक्त. सोडे म्हणजे काय मासे का, वहिनी?"

आता भांडायचं तरी कुणाशी? नवसाआधी बाई स्वतः हेच म्हणायच्या. अवचित पाहुणा आला की "आज काही नाही हो, साधंच आहे," असं म्हणत सोड्यांची खिचडी वाढायच्या. आपल्या घरांत सोडे माशांत धरतच नाहीत. शरच्चंद्रांनी मासे आहेत का विचारलं, त्या बाईने नाहीत सांगितलं. दोघंही खरंच बोलले होते.

"थुंकून टाक आणि चूळ भर," शरच्चंद्र म्हणाले. "एवढं काय त्यात?"

"तुम्ही जाल हो!" बाई एकदम ओरडल्या. आजूबाजूची ताटं थांबली. मग काय, बांध फुटला. काचेचं दार, एकवीरा, पित्ताची थाप, सगळं हुंदक्यांसकट बाहेर आलं.

शरच्चंद्रांनी ताट दूर सारलं. "आणि मी इतकी वर्षं तुझ्यासमोर बसून काटे चोखतोय."

"खा तुम्ही," बाई पदराने नाक पुसत म्हणाल्या. "तुम्ही खावंत म्हणूनच तर मी सोडलं."

पण शरच्चंद्रांनी ताट पुन्हा जवळ ओढलं नाही.

परतीच्या वाटेवर जगदीशने गाडी चालवता चालवता सगळं ऐकून घेतलं. "काकू, नकळत गेलेलं देव धरत नाय. आईला काय कळत नाय व्हय?"

बाई हं म्हणाल्या. शरच्चंद्र मागच्या सीटवर डोळे मिटून पडले होते. बाईंची नजर त्यांच्या सदऱ्याच्या खिशावर. खिसा वर जातोय, खाली येतोय. पनवेल मागे पडलं तरी माणूस हलेना. शेवटी त्यांनी हळूच त्यांच्या नाकाशी बोट धरलं.

"आहे अजून," शरच्चंद्र डोळे न उघडता म्हणाले. मग उठून बसले. "चारू, भूक लागलीय गं."

बाईंना हसू आलं आणि रडूही. दोन्ही एकदमच आलं.

चौकला भज्यांच्या गाडीपाशी शरच्चंद्रांनी जगदीशला थांबायला सांगितलं. बाई सवयीने दार उघडायला लागल्या. काय विचारायचं ते ओठांवर तयारच होतं.

"तू बस," शरच्चंद्र म्हणाले. काठी टेकत, उन्हातून सावकाश चालत ते कढईपर्यंत गेले. बाईंनी काच खाली केली.

"या तेलात मासे, अंडी, असलं काही तळता का?"

"नाय काका. नुसती भजी."

"झारा? झारा दुसरीकडे कुठे वापरत नाहीस ना? आणि सोडे?"

"आवं काका, भज्यात कोण सोडं घालतंय? सांगितलं ना नाय म्हणून!"

"पुन्हा एकदा सांग," शरच्चंद्र म्हणाले. "माझ्या बायकोला खायचंय."

बाईंनी सीटवर मान टाकली आणि डोळे मिटून घेतले.