हवालदार आण्णांचं पोट

आमची तुकडी रहिमतपूर स्टेशनावरून निघाली. नव्या भरतीची पोरं आसपासच्या गावांतली होती, एकदोन माणमधली. हवालदार तुकाराम शेडगे, म्हणजे आमचे आण्णा, रजा संपवून त्याच गाडीनं पलटणीत परत चालले होते; मीही त्यांच्याबरोबर होतो. आमच्याकडे पोरगं लष्करात जाताना आई त्याला सरकारच्या भरवशावर सोडत नाही, ओळखीच्या जुन्या सैनिकाच्या हवाली करते. एकेक आई पुढे येऊन म्हणाली, "आण्णा, पोरगं तुमच्या पदरात घातलं." आण्णांनी फेट्याचं टोक पुढे धरलं आणि दर वेळी म्हणाले, "घेतलं." शिवा चव्हाणची आई दहिवडीकडून चालत आली होती. तिला तो एकुलता एक. तिनं पोराचा हात आण्णांच्या हातात दिला आणि ती मागे सरली.

पुढे साहेबांच्या मागे लागून आण्णांनी ती सगळी पोरं आपल्याच प्लाटूनमध्ये मागून घेतली. मी तिथं नाईक होतो. बर्माच्या आघाडीवर आमचा दिवस पहाटेच्या स्टँड-टूनं, म्हणजे हत्यारं घेऊन खंदकात सज्ज उभं राहण्यानं, सुरू व्हायचा. मग चहा, खंदकांची डागडुजी, हत्यारांची सफाई आणि गस्त. गस्त बाहेर पडली की आण्णांच्या बेंबीच्या वर आग पडायची. ते बिस्कीट चघळत, डब्यातलं दूध घोट घोट पीत बसायचे. पोरं चिडवायची, "आण्णा, दात यायल्यात का?"

"गप ऱ्हावा. लंगरातल्या मिरच्या बाधल्यात."

ते आम्हाला पटायचं. दुखणं जुनं होतं. गावी त्यांनी पोटावर तापल्या सळईचा डागसुद्धा देऊन घेतला होता. लंगरच्या स्वयंपाक्याला आम्ही फैलावर घेतलं आणि आण्णांसाठी कित्येक दिवस सगळ्यांनी मिळमिळीत डाळ गिळली. पण गस्त परतली, माणसं पुरी भरली की हाच माणूस लसणीच्या चटणीबरोबर चार चपात्या हाणायचा. मिरची तर तीच होती. एकदा मी म्हणालो, "आण्णा, पोट न्हाई, तुमची गस्त दुखतीया." आण्णा हसले नाहीत.

मग तो ओढ्याचा दिवस उजाडला. प्लाटूनचे प्रमुख जमादारसाहेब मलेरियानं मागं गेलेले, त्यामुळे प्लाटून आण्णांकडे होती. शिवा आणि त्याच पोरांतला मारुती यांना ओढ्यापलीकडे टेहळणीला पाठवलं होतं. दुपारपर्यंत परत यायचं होतं. पलीकडे गोळीबार झाला आणि थांबला. दुपार टळली तरी कोणी आलं नाही. आण्णा खंदकाची कड धरून उभे होते, घामानं निथळत. एकाएकी ते वाकले आणि ओकले. चहाच्या चोथ्यासारखं काळं पडलं. ते रक्त होतं. मी वायरलेसवर कंपनीला कळवलं.

"हवालदार को फौरन पीछे भेजो. ओव्हर," कंपनी कमांडरांचा आवाज आला.

आण्णांनी सेट माझ्या हातातून घेतला. "गश्त बाहर है, साब. ओव्हर."

"ये हुकूम है. आउट."

स्ट्रेचरवाले आले. आण्णा जागचे हलेनात. साऱ्या नोकरीत त्यांनी हुकूम मोडलेला मी पाहिला नव्हता. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. माणूस माझ्या डोळ्यांसमोर पांढरा पडत चालला होता. हुकमानं हा हलायचा नाही, हे मला कळलं. मी गळ्यातला टॉवेल सोडला आणि दोन्ही हातांनी पुढे पसरला.

"आण्णा, पोरं माझ्या पदरात घाला."

"तू ल्हान हायस रं."

"नाईक हाय. घाला."

त्यांनी एकेकाचं नाव घेतलं. प्रत्येक नावाला मी "घेतलं" म्हणालो. शिवाचं नाव त्यांनी शेवटी घेतलं. मग ते आपणहून स्ट्रेचरवर आडवे झाले.

मी माझ्या सेक्शनची माणसं घेऊन ओढा ओलांडला. मारुती जिवंत सापडला. मांडीत गोळी होती आणि जखमेवर शिवाची पट्टी घट्ट बांधलेली होती. शिवा चार पावलं पुढे, दगडाआड मरून पडला होता. रायफल रिकामी होती. एकट्याला सहज परतता आलं असतं, पण तो जोडीदारापाशी थांबला होता. दोघांनाही आम्ही घेऊन आलो. येताना माझ्या बेंबीच्या वर आग पेटली. मी लंगराला दोष दिला नाही.

हॉस्पिटलच्या कॅप्टनसाहेबांनी मला समजावून सांगितलं. आण्णांच्या पोटात अल्सर होता, म्हणजे आतली जखम. जिवाला सतत घोर असला की पोटात आम्ल सुटतं आणि जखमेवर पडतं. आणखी थोडा उशीर झाला असता तर आण्णा वाचले नसते. हल्लीचे डॉक्टर म्हणतात, अल्सर जंतूनं होतो. असेल. जंतूला घर करू दे, पण त्याला चारापाणी कोण घालत होतं, ते मी पाहिलं आहे.

लढाई संपल्यावर आण्णा आणि मी शिवाच्या घरी गेलो. आण्णांनी सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. ओढ्यावर काय झालं ते मी सांगितलं. शिवाच्या आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्या दिशी जेवला हुता का शिवा?"

"व्हय," आण्णा म्हणाले. "माझ्या म्होरं बसून जेवला. डाळ दोनदा मागून घेतली."

ती आत गेली. भाकरी आणि दूध आणून तिनं आण्णांपुढे ठेवलं. "मग तुमी बी जेवा. माझ्या दारातनं उपाशी जाऊ नगा."

आण्णांनी भाकरी कुस्करली. ते रडत होते आणि जेवत होते. शेवटचा घास जाईपर्यंत ती समोरून उठली नाही.

ती माउली गेली, आण्णाही वय होऊन गेले. मारुती आहे, थोडा लंगडतो. ओढ्याच्या दिवशी मी दर वर्षी त्याच्याकडे जेवायला जातो. पहिलं पान शिवाचं मांडतात. त्याला डाळ दोनदा वाढतात.