बाहेरची सुपारी

पूजेसाठी सुपारी घ्यायला आई आणि मी दुकानात गेलो होतो. टोपलीत हात घातला आणि आई नकळत निवडायला लागली. फुटक्या एका बाजूला, किडक्या दुसऱ्या बाजूला, टपोऱ्या समोर.

"काकू, घ्यायच्यात की आमच्याकडे कामाला लागताय?" दुकानदार हसला. "बाहेरच्या देशातल्या आहेत. आपल्या कोकणातल्यापेक्षा स्वस्त."

आईचे हात थांबले. गावातल्या बागायतदाराच्या खळ्यावर बसून तिनं वर्षानुवर्षं सुपारी सोलली, निवडली. त्याच कामावर मी कॉलेजपर्यंत पोचले. यंदा तिला बोलावणं आलं नाही. बाहेरून इतका माल येतो की बागायतदाराची सुपारी पडूनच आहे.

देशांच्या एखाद्या गटाशी मुक्त व्यापाराचा करार झाला, की आयात कर घटतो आणि माल स्वस्त होतो, असं आम्हाला वर्गात शिकवलं. त्यात ग्राहकाचा फायदा आहे, असं मी पेपरात लिहिलंही. ते खोटं नसावं. त्या दुकानात आम्हीही ग्राहकच होतो. पण एकाच माणसाचा फायदा आणि नुकसान एकत्र कसं मांडायचं, ते मला अजून नीट कळत नाही.

आईनं एक सुपारी उजेडात धरून पाहिली.

"चांगली आहे गो. तिकडेपण कुणी बाई बसत असेल निवडायला."

"असेल."

"तिला तरी बोलावतात ना अजून?"

मी हो म्हणाले. खरं तर मला काहीच माहीत नव्हतं.