चिखलासकट नको

काशिनाथ गेल्याची बातमी मला दोनदा मिळाली. पहिल्यांदा त्याच्या बायकोचा, सुनंदावहिनीचा फोन आला. "भावजी, हे गेले," एवढंच ती बोलली आणि फोन तसाच चालू राहिला, मागे कोणीतरी रडत होतं... तापानं धडधाकट माणूस असा जाईल हे कोणाच्याच मनात नव्हतं. दुसऱ्यांदा ती बातमी मोबाइलवर फिरत फिरत आली. मुंबईहून आमच्या जव्हारला सायकली घेऊन येणाऱ्या मंडळींनी त्याचा फोटो टाकून खाली लिहिलं होतं, 'जंगलाचा पुत्र हरपला. सायकल त्याला कोणी शिकवली नाही, ती त्याच्या रक्तातच होती.' पहिल्या बातमीनं मी रडलो. दुसरीनं जो संताप आला तो इतके आठवडे उलटले तरी उतरलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

रक्तात काही नव्हतं. मी त्याचा चुलतभाऊ. मोखाड्याच्या बाजूला एकाच पाड्यावर आम्ही वाढलो, आणि त्या पाड्यावर सायकल नव्हती, कारण सायकल जाईल असा रस्ताच नव्हता. जव्हारला कॉलेजात आलो तेव्हा काशिनाथला सायकलवर धड बसताही येत नव्हतं. वसतिगृहाच्या आवारात मित्राच्या सायकलवरून तो इतक्या वेळा आपटला की पोरं मजा बघायला खिडकीत येऊन बसायची. "काश्या, आज कुठल्या बाजूला पडणार ते आधी सांग, तिकडची खिडकी धरतो!" तो खालूनच शिव्या हासडायचा आणि परत टांग टाकायचा. घराण्यातले पहिले पदवीधर आम्ही दोघं. मी कचेरीत चिकटलो. त्यानं पाहुण्यांना दाभोसा, शिरपामाळ असं सायकलवरून फिरवायचं काम धरलं आणि गिअरची एक जुनी सायकल घेतली.

पहिल्याच पावसाळ्यात तिचा मागचा गिअर अडकायला लागला. मागच्या चाकाजवळ एक सांगाडा लोंबत असतो, चेनला एका दातेरी चकतीवरून दुसरीवर नेणारा. त्याला डिरेलर म्हणतात. आमचा तांबडा चिखल त्याच्या सांध्यांत वाळला की तो मोठ्या चकतीकडे जायचा, पण परत यायचं नाव घेत नसे. इकडे अशा वेळी लोक डिरेलर काढून फेकतात, चेन तोडून आखूड करतात आणि एका गिअरवर सायकल चालवतात. काशिनाथ ऐकेना. त्यानं ट्रॅक्टरचं जळकं तेल ओतलं. तेलाला आणखी माती चिकटली. मग डिरेलरचे बारके स्क्रू पिळत बसला; सांगाडा थेट चाकाच्या तारांत घुसला आणि मोडला. नाशिकला जाऊन दुसरा आणला, आणि तिथल्या मेकॅनिकच्या दुकानात उभा राहून प्रश्नांनी त्याचं डोकं खाल्लं.

तिथून जे शिकून आला ते त्यानं शेवटपर्यंत सोडलं नाही. आधी हँडलवरून येणारी गिअरची वायर सोडवायची आणि डिरेलर हातानं ढकलून बघायचा. सोडल्यावर झटकन मागं आला तर दोष वायरच्या नळीत, रेंगाळला तर सांध्यात. मग डिझेलमध्ये बुडवलेल्या जुन्या टूथब्रशनं सांधे घासायचे, मोकळे होईपर्यंत हलवत राहायचे, कोरडे करायचे, थेंब थेंब पातळ तेल सोडून वरचं पुसून काढायचं. फेरीवरून आला की जेवणाआधी हेच, अंगणात, रस्त्याकडे तोंड करून, येणाऱ्याजाणाऱ्यानं बघावं म्हणून. गर्विष्ठ होताच तो. वहिनी ओरडायची, "आधी तिला जेवू घाला, मंग मी वाढते!" आणि मला तो म्हणायचा, "तुझ्या फायली अडकतात ना रे, त्यांची पण वायर सोडून बघ कधी."

शोकसभा पाहुण्यांच्या मुक्कामाच्या जागी झाली. माणसं वाईट नव्हती, हेही सांगतो. डोळे खरोखर पाणावले होते. पण एकामागून एक उठले आणि तेच बोलले. आपण कितीही सराव केला तरी त्याची बरोबरी नाही, ही देणगी मातीतूनच मिळते... मी खुर्चीचा हात आवळून बसलो होतो. आम्ही परीक्षा पास झालो तर ती सवलत, आणि चढ चढलो तर ते रक्त. मग मेहनत कोणाच्या नावावर लिहायची? शेवटी एकानं जाहीर केलं, फोटोशेजारी आणून उभी केलेली काशिनाथची सायकल इथल्या भिंतीवर कायमची लावू, तिच्यावरचा चिखल न काढता, जशीच्या तशी.

वहिनी मागच्या रांगेत होती. सरकारी आरोग्यसेवेची आशाताई म्हणून औषधं घेऊन पाड्यापाड्यांत फिरते, पण सभेत कधी बोललेली मी पाहिली नव्हती. ती बसल्या जागेवरूनच बोलली. "चिखलासकट नको. हा चिखल ह्यांचा नाय. हे आजारी पडले तेव्हा कोणीतरी सायकल पावसात नेली, त्याचा आहे. ह्यांनी नेली असती तर तुम्हाला चिखल दिसलाच नसता."

"मग पुसून लावू, ताई," तो गृहस्थ म्हणाला.

"भिंतीवर कशाला? मला चालवायचीय."

"तुम्हाला आम्ही नवी देतो ना."

"नवी पण अडकेलच दोन पावसांत. ही कुठं अडकते ते मला ठाऊक आहे. हे घासायचे तेव्हा चाक उचलून इतकी वर्षं मीच धरलंय."

मी उठलो, सगळ्यांसमोर सायकल घेतली आणि तिच्याबरोबर बाहेर पडलो. कोणाला उद्धट वाटलं असेल तर वाटो.

परवा दाभोशाच्या रस्त्याला ती मला दिसली. चढावर उतरून सायकल ढकलत होती, पाठीला औषधांची पिशवी, कपाळावर घाम. मी मोटारसायकल थांबवली. "बसा वहिनी. सायकल ठेवू इथं कोणाकडे, सांजेला आणून देतो."

तिनं सायकल कडेला उभी केली आणि खाली बसली. रस्त्यावरची काडी मोडून डिरेलरच्या बारक्या चाकात अडकलेलं गवत उकरून काढलं, मग हातानं पेडल उलटं फिरवून कान देऊन ऐकलं.

"नको, तुम्ही व्हा पुढं," ती म्हणाली. "काल मी त्या खालच्या आंब्यालाच उतरले होते. आज इथवर आलेय."