अप्पांची हरकत

कुणी लिहून आणलेल्या अर्जात ‘कृपया’ दिसलं की अप्पा ते आधी खोडायचे. “भीक मागायलास का? हक्काचं लिही!”

अहमदपूरच्या तहसील कचेरीबाहेर बसून ते लोकांचे अर्ज लिहून देत. कपाळावर विभूती, जिभेवर तिखट. दुष्काळात टँकरच्या अर्जांसाठी रीघ लागली होती, त्यातच एक पुढारी नव्या जिल्ह्याच्या मागणीचं निवेदन लिहून घ्यायला आला. “जिल्हा झाला की पाणी येईल, असं टाका.” अप्पा म्हणाले, “नकाशाला भोक पाडून बोअर लागत न्हाई.”

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचं पटतं, पण त्यांच्याजवळ बसवत नाही. मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचो आणि त्यांच्या शेजारी राहायचो. माझ्याबद्दलही ते कधी बरं बोलले नाहीत.

मग त्यांच्या मेंदूत गाठ निघाली, कर्करोगाची, झपाट्यानं वाढणारी. मुंबईत ऑपरेशन झालं, पण काही महिन्यांत ती पुन्हा आली. तिथल्या डॉक्टरांनी एका नव्या औषधाच्या चाचणीबद्दल सांगितलं. शरीराच्याच प्रतिकारशक्तीला गाठीवर सोडायचं. माणसांवर नुकतीच सुरुवात होती. गावात लगेच बोभाटा झाला, अप्पांना रामबाण लस मिळणार! “गाढवं हायेत सगळी,” अप्पा म्हणाले आणि मला सोबत घेऊन मुंबईला निघाले.

संमतिपत्र त्यांनी तीनदा वाचलं. समोर तरुण डॉक्टरीणबाई बसल्या होत्या.

“यानं मला गुण येईल?”

“बहुधा नाही, काका. किती औषध शरीराला सोसतं, ते आधी बघतोय.”

“मग हे सहाव्या पानावर का लपवलं? पहिल्या ओळीत घ्या.”

“तुमची हरकत चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीला कळवते,” म्हणत त्यांनी ती लिहून घेतली.

अप्पांनी सही केली. जिन्यात मी म्हणालो, “पुढच्या रुग्णांच्या उपयोगी पडाल.”

“पुढच्यांचं मला सांगू नका, मास्तर. पोरगी खरं बोलली, म्हणून केली.”

औषधानं कडक ताप आला, गाठ हटली नाही. शेवटी त्यांची वाचाच गेली. तोच पुढारी भेटायला येऊन “लवकर बरे व्हा” म्हणाला. अप्पांनी नुसते डोळे मिटले. त्यांनी त्याला एक शिवी घालावी म्हणून माझा जीव तुटत होता.

ते गेल्यावर समाचाराला आलेला एक पाहुणा म्हणाला, “मुंबईवाल्यांनी उंदरावानी प्रयोग करून मारलं.”

अप्पांच्या बायको, आमच्या काकू, इतक्या वर्षांत चारचौघांत कधी बोलल्या नव्हत्या. त्यांनी पदर सावरला.

“त्यांनी वाचून सही केली. तुमी जिंदगीत एक तरी कागद वाचला का?”

पाहुणा चहा अर्धा ठेवून उठला. तो फाटकाबाहेर गेल्यावर मग त्या रडल्या.