आशीर्वादाआधी उठायचं नाही

आमच्या नदीकाठच्या वस्तीत पेत्रोनिला मावशीला पोटचं मूल एकही नव्हतं, पण धर्माची मुलं उदंड, आणि तीही दाढीमिशांची! त्याचं असं झालं, आमच्या टेक्ससवरचा स्पेनचा राजा गेला, मेक्सिकोचं सरकार आलं. त्यानं उत्तरेकडून, अमेरिकेतून येणाऱ्या गोऱ्यांना बजावलं, टेक्ससमध्ये जमीन हवी तर कॅथलिक व्हा. बाप्तिस्म्याला धर्माची आई लागते, ती कुठून आणणार? धरा मावशीला!

त्यातलाच ओबादिया टार्वर. डोक्यावर पाणी पडताना हा ताडमाड बाप्या फिदीफिदी हसत होता. त्याला वाटलं, जमीन मिळाली, काम संपलं. कसलं संपतंय! आमच्यात धर्माची आई दिसली की गुडघे टेकून तिच्या हाताचा मुका घ्यायचा, आणि तिनं आशीर्वाद देईपर्यंत उठायचं नाही. मावशी त्याला भर चौकात चिखलात टेकायला लावायची. मी खो खो हसायचे.

"अहो मावशी, सोडा की त्याला!"

"का गं? आई काय फुकटात मिळते?"

पण तो तापानं फणफणला तेव्हा उशाशी बसून मक्याची पेज भरवली, तीही तिनंच.

पुढे सरकारनं नव्या गोऱ्यांना सरहद्द बंद केली, आणि पेटलं. गोऱ्यांनी बंड केलं, बंडवाले जिंकले, टार्वर कप्तान झाला. आमची पोरंही त्यांच्या बाजूनं लढली होती, तरी मेक्सिकोचे म्हणून परके ठरलो आम्हीच! टार्वरच्या लोकांनी ठरवलं, ज्याच्यासाठी एखादा गोरा शब्द टाकेल तो राहील, बाकीच्यांनी आजच चालतं व्हायचं.

टार्वर घोड्यावरून आला. मावशी सरळ पुढे गेली आणि हात पुढे केला. त्याचे लोक हसायला लागले. तो घुटमळला, मग उतरला, टोपी काढली आणि टेकला.

"आशीर्वाद द्या, आई."

"देते की. आधी सांग, हा पहिल्या घरातला एउसेबियो माणूस कसा आहे?"

"चांगला आहे."

"मोठ्यानं बोल. तुझ्या लोकांना ऐकू जाऊ दे."

"चांगला आहे!"

असं एकेक घर झालं. माझी पाळी आली तेव्हा त्यानं माझ्याकडे असं बघितलं म्हणता! तो चिखल आठवला असणार मेल्याला.

"आणि ही?"

"...हीही चांगली आहे."

माझ्या जिवात जीव आला. सगळी घरं झाल्यावर मावशीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो गुडघे चोळत उठला.

"आई, तुमचं घर राहिलं."

"माझं?" मावशी थांबली. "माझ्यासाठीही तुला शब्द टाकावा लागणार का रे?"

टार्वरनं मान खाली घातली, आणि पुन्हा गुडघे टेकले.